आईच्या खोलीतली वाट

घर घ्यायला वकील लागतो ही अफवा वकिलांनीच उठवली आहे, असं लिफ्टवाल्याचं ठाम मत होतं. "अगं, बिघडलेली लिफ्ट मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. कायदा काय, वाचला की कळतो," असं तो बायकोला सांगे आणि बायको "हं" म्हणे. त्या "हं"कडे त्याने वेळीच लक्ष दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण असो.

परक्या देशात लिफ्टा दुरुस्त करता करता त्याच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. मायदेशी आई एकटी. तिला कायमचं आणायचं तर इथला नियम साफ होता. स्वतःचं घर हवं, आणि म्हाताऱ्या माणसाला दार लावून निवांत बसता येईल अशी वेगळी खोली हवी. सरकारी साहेब येऊन खोली बघणार, मगच परवानगी. म्हणून त्याने जेवताना, बसमध्ये, लिफ्टच्या टपावर बसून कायदा वाचला आणि दोन्ही बाजूंना घरं चिकटलेलं एक चिंचोळं घर घेतलं. मागच्या अंगाला शेजारी शेजारी दोन खोल्या होत्या आणि त्यातल्या एकीला मागेही दार होतं. "हवा खेळती राहील. ही आईची," त्याने जाहीर केलं. नकाशात त्या खोलीतून एक तुटक रेघ जात होती. तो पाण्याचा पाइप असल्याचंही त्यानेच जाहीर केलं.

पहिल्या सकाळी दोघं त्याच खोलीत खोक्यांवर बसून चहा पीत होती. मागचं दार उघडलं. हातात काठी आणि पिशवी घेतलेली एक ताठ म्हातारी आत आली. तिने पायपुसण्यावर पाय पुसले, दोघांना मान डोलावली, आणि खोलीतून, बैठकीतून चालत पुढच्या दाराने रस्त्यावर निघून गेली.

"तुमच्या ओळखीची?" बायकोने विचारलं.

"मला वाटलं तुझ्या."

चहा संपायच्या आत आजीबाई पिशवीत पाव घेऊन परत आल्या, आल्या तशा मागच्या दाराने गेल्या. जाताना दार मात्र नीट ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याने मागच्या दाराला आतून कडी घातली. आजीबाईंनी काठीने दार ठोकायला सुरुवात केली. राग नाही, आरडाओरडा नाही, नुसतं ठोकणं. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडायला लागल्या तेव्हा त्याने कडी काढली, आणि तडक जमिनीच्या कचेरीत गेला.

तिथल्या बाईंनी नकाशा पसरला. "ही तुटक रेघ काय आहे असं वाटलं तुम्हाला?"

"पाइप."

"वहिवाट," बाई म्हणाल्या. म्हातारीचं घर मागे, आणि रस्त्यावर यायला तिला हीच वाट. नाहीतर टेकडी चढून वळसा. आधीच्या मालकाने वाटेवरच खोली बांधली. तेव्हा कोर्टाने सांगितलं, बांधायचं तर बांध, पण वाट उघडी ठेव. दोन दारं हवेसाठी नव्हती तर.

"आणि हे किती दिवस चालायचं?"

"त्या घरात राहणारं माणूस चालतंय तोवर. ती गेली तर तिच्यामागून जो राहील तो."

लिफ्टवाला त्या रेघेकडे बघतच राहिला. मालक बदलले, भिंती उभ्या राहिल्या, कौलं गेली, स्लॅब आला, आणि एक बाई नुसती रोज पाव आणायला जाऊन जाऊन हे सगळं भेदत आली. शिपाई नाही, कुंपण नाही. फक्त पाय.

"अगं, वर घर बांधलं तरी वाट मरत नाही इथे," घरी येऊन तो बायकोला म्हणाला. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "केवढी थोर गोष्ट आहे ही!"

"थोरच आहे," बायको म्हणाली. "आता आई कपडे कुठे बदलणार ते सांगा."

लिफ्टवाला मटकन खाली बसला. रहदारीच्या खोलीला वेगळी खोली कोण म्हणणार? आणि साहेब तर गुरुवारी सकाळी येणार होते.

तो आजीबाईंकडे गेला, गुरुवारी सकाळी येऊ नका म्हणून हात जोडले. त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही, बरं म्हणाल्या. मग त्याने कामावरची चाकांची ढकलगाडी आणून तिच्यावरून कपाट मागच्या दाराशी नेलं. गाडी कपाटाखालीच राहिली. उतरवायला दुसरा माणूस कुठे होता?

साहेब सकाळी आले नाहीत. आले ते दुपारी. खोली बघितली, खिडकी उघडून बघितली, खूश झाले. तेवढ्यात कपाटामागे ठोकल्याचा आवाज आला.

"उंदीर," लिफ्टवाला म्हणाला.

"मोठा दिसतोय," साहेब म्हणाले.

आणि कपाट चालू लागलं. अगदी गुळगुळीत, आवाज न करता खोलीच्या मध्यापर्यंत आलं. मागून आजीबाई आल्या, पाय पुसले, मान डोलावली. साहेब नकळत भिंतीला चिकटून उभे राहिले आणि त्यांनी वाट दिली.

"वहिवाट आहे का?" त्यांनी विचारलं.

आता काय लपवणार? "आहे साहेब."

"मग ही खोली धरता येणार नाही."

लिफ्टवाल्याचा चेहरा पार उतरला. "आईला आणायचं होतं हो," एवढंच तो बोलला. निघालेल्या आजीबाई थांबल्या आणि त्या घरात पहिल्यांदाच एका खोक्यावर बसल्या.

"वाट मी सोडणार नाही. माझे गुडघे टेकडी चढत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण कुणाच्या आईच्या पलंगाशेजारून जायची मला हौस नाही. वाट सरकवता येते ना हो साहेब?"

"दोघं राजी असाल तर येते."

आजीबाईंनी काठी उचलून पलीकडच्या भिंतीकडे दाखवली. "त्या खोलीत कोण झोपतं?"

"आम्ही दोघं," बायको चाचरत म्हणाली.

साहेबांनी नियम आठवून पाहिला. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीला आडोसा हवा. नवराबायकोच्या खोलीबद्दल नियमात अवाक्षरही नव्हतं.

झालं. एक दार बुजलं, शेजारच्या भिंतीत दुसरं पडलं, परवानगी आली आणि आई आली. दार लावून गाढ झोपली. सकाळी चहा मागायला मुलाच्या खोलीत डोकावली तर पोरगा आणि सून गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडलेली, आणि एक म्हातारी त्यांना मान डोलावून पुढे चाललेली.

"अरे, ही कोण?"

"ही वहिवाट आहे, आई," लिफ्टवाला पांघरुणातूनच भारावून सांगू लागला. वाट कशी मरत नाही, भिंत कशी हरते, सगळं सांगितलं. आईने शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"कळलं," ती म्हणाली. "मग ऊठ आधी, अंथरूण आवर. आल्यागेल्यासमोर एवढा मोठा बाप्या लोळत पडतोस, लाज नाही वाटत?"