धाकू तांडेलाच्या होडीची चौकशी

सर्वांची गलबते ज्याच्या पोटात सामावतात त्या सागरास नमन. शके सतराशे पस्तीस, श्रीमुखनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, किनाऱ्यावरल्या एका लहान राज्यात वर्तले ते ऐसे. आषाढ वद्य पंचमीस टोपीकरांचे गलबत लुटले गेले, आणि त्यांचे पत्र आले, मग दरबार घाबरला, आणि होडीवाला धाकू तांडेल व त्याचे दोघे भाऊ धरून गडावर बेडीत घातले. कबुलीजबाब लिहिणे बहिरोपंत चिटणिसांकडे आले. पंत घाटावरचे, चाकरीस येऊन वर्ष झाले नव्हते. त्यांणी दप्तरातला जुन्या चांच्यांचा जबाब काढिला, आणि नावे व तिथी बदलली, "शीड चढवून गेलो, माल लुटिला" हे तैसेच ठेविले, आणि "निशाणी करा, सुटाल" म्हणोन तिघांची निशाणी घेतली.

मग टोपीकरांचे साहेब जातीने गडावर महाराजांपुढे आले, आणि दुभाष्याकरवी पुसो लागले, "चांच्यांस बेडीच का? जबाब खरा असेल तर आम्ही नेऊन फाशी देतो." तेव्हा धाकू बोलिला, "सायबानू, आषाढात होडी घेवन दर्यात कोण जाता? होडी किनाऱ्यार, माडाच्या झापाखाली होती. तिच्यात कुत्री व्यायली. पाच पिल्लां."

साहेब हसले. "कुत्र्याची साक्ष घेऊ काय?"

"तेची नको. धन्याची घेवा. एक पिल्लू चिटणिसांनी न्हेलां, त्याच पंचमीक."

पंतांचे पायापाशी ते काळ्या कानाचे पिल्लू निजले होते. पंतांस आठवले, भर पावसात झाप उचलोन आपणच ते काढिले, आणि होडी कोरडी पाहोन नवल केले होते. महाराज पंतांकडे पाहात होते. खरे बोलावे तर चिटणिशी जाते, न बोलावे तर तिघे जातात. पंतांणी पागोटे सारखे केले आणि म्हणाले, "तिथी खरी. पिल्लू हेच. जबाब म्यां नकलून लिहिला, यांणी नाही सांगितला."

दुभाष्याने सांगितले. साहेबांनी जबाबाचा कागद परत केला. महाराजांनी बेड्या काढविल्या, आणि पंतांस शिक्षा फर्माविली की, दर साली ज्येष्ठात धाकूची होडी किनाऱ्यावर ओढावयास हात लावावा आणि ती आपल्या हाते झापांनी शाकारावी.

"गाठ तरी येता काय, पंतानू?" धाकू म्हणाला.

"शिकव," पंत बोलिले.

इत्यर्थ, तिघे घरी गेले, चिटणिशी दुसऱ्यास गेली, माल कोणी नेला ते दर्यास ठाऊक, आणि पुढल्या ज्येष्ठात पंतांणी झाप बांधिताना होडीच्या नाळेपाशी, पुढल्या टोकास, कुत्रीपुरती वाट मोकळी ठेविली. येथे कलम ठेविले.