डाग कोणाच्या गाडीचा

साळवेकाका दर रविवारी मोटरसायकलला पावडर लावायचे. अंगाला लावतात तीच, साधी टाल्कम पावडर. आधी इंजिन पेट्रोलच्या बोळ्याने पुसायचं, वाळू द्यायचं, मग डबा उपडा करून पांढरंफटक करायचं आणि किक मारून शेजारी स्टुलावर बसून राहायचं. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यावर कुठेतरी एक काळसर रेघ उतरायची. ती दिसली की काका समाधानाने म्हणायचे, "सापडली."

गाडी त्यांच्या लग्नाआधीची, पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी टू-स्ट्रोक. तिचं तेल कुठून गळतं हे शोधणं हाच त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. एक गळती बुजवली की गाडी दुसरी काढायची. "तेल जिथे पडतं तिथून गळत नसतं," ते सांगायचे. "कडेकडेने उतरतं आणि भलत्याच जागी ठिबकतं. म्हणून आधी पुसा, मग बोला." मग थेंब बोटांत चोळून नाकाशी न्यायचे. पातळ आणि पेट्रोलचा वास, तर कार्ब्युरेटर. घट्ट असलं तर गिअरबॉक्स. काळं, जळकं असलं तर सायलेन्सरचा जोड.

ही सवय गाडीपुरती नव्हती. एकदा आमच्याकडे थालीपीठ खायला बसले, तर ताटात उतरलेलं तेल बोटांत चोळून माझ्या बायकोला म्हणाले, "शेंगदाण्याचं. पण डबा बदला, पत्र्याचा वास लागलाय." बायकोने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

फरीदाबादच्या आमच्या नव्या सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. काका मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. सरकारी नोकरीची सगळी वर्षं दिल्लीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढलेली. काकू वारल्यावर इथे एकटेच राहायला आले. मी मानेसरच्या एका कारखान्यात होतो, कंपनीच्या बसने पहाटे जायचो आणि अंधार पडल्यावर यायचो. चार वर्षांत आमचं बोलणं जिन्यातल्या "काय काका?" आणि "बिल्कुल ठीक" यापुढे फारसं गेलं नाही.

त्या हिवाळ्यात मी नवी कार घेतली. लाल, छोटी. आमच्या घराण्यातली पहिली. ती बघायला वडील नागपूरहून आले आणि भेटेल त्याला, अगदी चौकीदारालाही, बर्फी देत सांगत सुटले, "हमारे लड़के ने ली है."

माझी गाडी आणि काकांची मोटरसायकल शेजारीशेजारी उभ्या असत. दोघींच्या मधे नव्या फरशीवर रोज तेलाचा डाग पडायला लागला. मी सोसायटीचा सेक्रेटरी. विचार करायची गरजच वाटली नाही. काकांच्या नावासकट नोटीस लिहून जिन्याखाली लावली.

रविवारी सगळे पार्किंगमध्ये जमले. तळमजल्यावरचे भाटिया म्हणाले, "अंकलजी, इसे बाहर ही खड़ी कर दीजिए. मार्बल ख़राब हो रहा है."

काका उकिडवे बसले. डागाला बोट लावलं, चोळलं, वास घेतला. मग माझ्या गाडीकडे पाहिलं. तिच्याजवळ वडील बर्फीचा खोका धरून उभे होते. काका उठले. "मेरी ही है," म्हणाले. "सॉरी." आणि मोटरसायकल ढकलत गेटबाहेर घेऊन गेले. मदतीला कोणी पुढे झालं नाही. मीही नाही.

मंगळवारपासून डाग बंद झाला. "देखा?" भाटिया म्हणाले. मी मान डोलावली. आपण कसा कडक निर्णय घेतला, असंही मनात आलं.

चार महिन्यांनी वडिलांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "साळवेसाहेबांची गाडी आत घेतलीस का?"

"नाही. का?"

"त्यांनी गाडी बाहेर नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तू कामावर गेल्यावर ते वर आले होते. तुझ्या गाडीची किल्ली मागितली. खाली चटई टाकून झोपले, तेल काढलं, इंजिनाखालच्या बुचाचा वॉशर बदलला, तेल पुन्हा भरलं. मी टॉर्च धरून बसलो होतो. डाग तुझ्या गाडीचा होता."

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"ते नको म्हणाले. आणि मला वाटलं, निदान त्यांची चौकशी करायला तू जाशील, तेव्हा कळेल."

रविवारी मी गेटबाहेर गेलो. काका भिंतीलगत स्टुलावर बसले होते, समोर पांढरं इंजिन. मी म्हणालो, "काका, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"कळणारच. कारच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचा वास वेगळा असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"अरे, तुझे वडील उभे होते. त्यांच्या हातात बर्फी होती."

मी म्हणालो, मीटिंग बोलावतो, सगळ्यांसमोर सांगतो, गाडी आत घेऊ. काकांनी मान हलवली. "नको. जाऊ दे."

ते नको म्हणाले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती मीटिंग कधीच झाली नाही.

"आणि इथे बरं आहे," काका म्हणाले. "आत दिवसदिवस कोणी बोलायचं नाही. इथे लोक थांबतात."

तेवढ्यात स्कूटरवरून चाललेले एक सरदारजी खरोखरच थांबले. पाय टेकवून कौतुकाने बघत म्हणाले, "भाईसाहब, कौन से साल की है?"

काका लगबगीने उठले, चिंधीला हात पुसले आणि सांगायला लागले. गाडी कुठे घेतली, काकूंना मागे बसवून दिल्लीहून नगरला कसे गेले, वाटेत किती वेळा बंद पडली. सरदारजींनी स्कूटर बंद करून स्टँडवर लावली.

मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. चार वर्षांत यातलं काहीच मी त्यांना विचारलं नव्हतं.