साडेसात बैल

परीक्षा संपली की दौलत उभा राहायचा आणि स्वतःचीच चहाडी करायचा. "साहेब, एक सांगाचं हाय. तिसरं उत्तर माह्यं नाही. बाजूचा पुटपुटला, ते कानात गेलं."

झालं! दौलतचे गुण कापले जायचे, आणि पुटपुटणाऱ्याचेही. त्यामुळे त्याच्या डाव्या-उजव्या हाताला कोणी बसतच नसे.

अकोल्यात तेव्हा मास्तर घडवायची सरकारी शाळा होती. आम्ही तिथले विद्यार्थी, म्हणजे मिशा फुटलेले घोडेच. पागोट्याच्या घडीत चिठ्ठ्या, मांडीवर नद्यांची नावं. लाज? छे! विलायतेला कापूस मिळेना म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. जो तो गठ्ठ्यात पाणी मारून वजन वाढवायचा. "सारे भिजवून राहिले, आपणच काहून कोरडं राहाचं?" असं आम्ही उघड म्हणत असू.

दौलत अमरावतीकडचा, काळ्या जमिनीचा धनी. त्याच्या बापानंही कापूस भिजवला. हा बहाद्दर भर बाजारात खरेदीदारापुढे जाऊन उभा. "एक सांगाचं हाय!" बापानं त्याच दिवशी घराबाहेर काढला. तेव्हापासून पठ्ठ्या एकटाच भाकरी थापायचा, एकटाच खायचा, आणि भाजीत मीठ जास्त पडलं तर तेही स्वतःलाच मोठ्यानं सांगायचा.

गणितात मात्र वाघ. आणि मी? त्रैराशिक दिसलं की मला घाम फुटायचा. नापास झालो असतो तर विधवा आईसकट चुलत्याच्या दारात पडून राहायची पाळी आली असती. म्हणून दिवाळीनंतर मी बेशरमपणे दौलतच्या शेजारी जाऊन बसलो. तोंड मिटून बघायचं, पुटपुटायचं नाही, एवढं ठरवून.

तो आधी दचकला. दुसऱ्या दिवसापासून उपरणं अंथरून माझी जागा धरू लागला. जेवताना अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायचा. "जाड झाली, सांगून ठेवतो." मी त्याची भाकरी खात होतो आणि त्याच्या पाटीवर डोळा ठेवून होतो.

शेवटच्या परीक्षेत हिशेब आला, खामगावला कापूस न्यायला बैल किती लागतील? दौलतनं भागाकार आला तसाच लिहिला, साडेसात. मीही डोळे झाकून लिहिलं, साडेसात.

संध्याकाळी परीक्षक साहेबांनी दोन्ही कागद समोर धरले. "बाकी साऱ्यांनी आठ लिहिले. हा अर्धा बैल तुमच्या दोघांच्याच गोठ्यात कसा?"

वर्ग खो खो हसला. नक्कल करणाऱ्याचं नाव पटावरून कायमचं कटणार होतं. तेवढ्यात दौलत उभा राहिला. संपलं, मी मनात म्हटलं.

"साहेब, एक सांगाचं हाय. मी याच्या कागदातून पाह्यलं. याले ठाऊक बी नाही."

मला गणित येत नाही हे साऱ्यांना माहीत होतं. पण दौलत खोटं बोलत नाही हे त्याहून पक्कं माहीत होतं. साहेबांनी त्याचं नाव काटलं. मी तोंड मिटून बसलो, ठरवल्याप्रमाणे.

तो गाठोडं बांधत होता तिथं मी गेलो. "काहून केलं हे, दौलत?"

"दोन वर्सं माह्या बाजूले कोणी बसलं नाही. तू बसला."

"अरे, पण मी कशासाठी बसलो..."

"ठाऊक होतं मले, पहिल्याच दिवशी." त्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "पण बसला ना."

"आता घरी जाशील?"

"घर कोणतं?" म्हणाला, आणि डोंगरात धारणीकडं निघालेल्या एका गाडीमागं चालू लागला. पुन्हा कधी दिसला नाही.

मी पास झालो. जन्मभर पोरांना त्रैराशिक शिकवलं, आईला सुखात ठेवलं. पण एकदाही उठून उभा राहिलो नाही. आज तुम्हाला सांगितलं. ज्याच्यासमोर सांगायचं होतं, तो कुठं आहे ते मला माहीत नाही.