खिळ्यावरचा कागद

बाळांनो, लोणावळ्याला आमच्या शेजारी केळशीकर डॉक्टर राहायचे. आजारी माणसाशी ते अगदी मऊ बोलत. राग यायचा तो बऱ्या झालेल्या माणसांचा. असा कुणी बाजारात हसतखेळत फिरताना दिसला की ते त्याला तिथेच अडवत. "आजारी पडलास तेव्हा माझं घर सापडलं. बरा झाल्यावर रस्ता विसरलास होय?"

याला कारण होतं. त्यांच्या टेबलाशेजारी भिंतीत एक लांब खिळा होता. प्रत्येक रोग्याचा कागद त्या खिळ्याला टोचलेला असे. बरं वाटतंय हे रोग्याने किंवा घरच्या कुणी येऊन सांगितल्याशिवाय तो निघत नसे. सांगितलं की डॉक्टर त्यावर ठळक अक्षरात 'बरा' लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत.

"वहिनी, औषध दिलं की निम्मंच काम होतं," ते मला म्हणत. "उरलेलं निम्मं कळेपर्यंत मला जेवण जात नाही."

जेवण व्यवस्थित जात असे. डबा आमच्याकडूनच जायचा.

हळूहळू लोकांना सवय लागली. खंडाळ्याच्या बंगल्यातला माळी नुसतं "पोट बरं हाय" एवढं सांगायला यायचा. रेल्वेतले एक गृहस्थ सायकलवरूनच ओरडत, "डॉक्टर, कंबर ओके!" एकदा पवनेच्या खोऱ्यातून एक जण दोन तास चालत आला.

"डाक्टर, आमची आय गेली. झाडाखाली बसली व्हती, फांदी पडली. पर खोकला पार थांबलता तिचा. ते सांगाया आलो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, त्याला स्वतः चहा करून दिला, आणि तो गेल्यावर बराच वेळ लेखणी हातात धरून बसले. शेवटी त्यांनी लिहिलं, 'खोकला बरा'.

डॉक्टरांनी सत्तरी ओलांडली. मुंबईहून त्यांचा मुलगा श्रीधर दर दिवाळीला येऊन तेच बोले. "बाबा, चाळीस वर्षं झाली. आता दवाखाना बंद करा आणि आमच्याकडे चला."

"येतो की. पण एक कागद खिळ्यावर आहे अजून."

मला ती थाप वाटायची. मग एकदा धूळ झटकताना मी खिळ्यावरचे कागद उचलून पाहिले. सगळ्यांत खाली एक पिवळा पडलेला कागद होता. 'हौसा, वय नऊ, विषमज्वर.'

ही डोंगरावरच्या वाडीतली मुलगी. बारा दिवस ती दवाखान्याच्या ओसरीवर होती. डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे सुमतीकाकूंनी, तिला मांडीवर घेऊन पेज पाजली होती. ताप उतरू लागल्यावर बाप तिला पाठीवर घेऊन गेला. मग ते घरच कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला खाली कोकणात उतरलं. त्याच वर्षी सुमतीकाकू गेल्या. तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी डॉक्टर त्या बाजूच्या माणसांना विचारत, "हौसाचं काही कळलं?"

"न्हाई बा. कुटं हायती, कुनाला ठावं न्हाई."

अशी नऊ वर्षं गेली. त्या हिवाळ्यात डॉक्टर दोनदा जिन्यावरून पडले आणि श्रीधरने ऐकायचंच नाही असं ठरवलं. तो सरळ सामान न्यायला ट्रक घेऊन आला. औषधांचं कपाट बाहेर निघालं. खिळ्यावर आता तो एकच पिवळा कागद उरला होता. खिळा उपटायला हमालाने हात घातला, तेव्हा डॉक्टर त्याच्या आड उभे राहिले.

"बाबा, आता ती मुलगी कशाला येतेय?"

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "डाक्टर हायती का?" कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई उभी होती. "मी हौसा. बरी हाय मी."

डॉक्टरांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी नेहमीचा राग काढला. "नऊ वर्षं लागली सांगायला?"

"लय लांब व्हतो आमी. आता हिकडं नांदाया आले, तवा पयली हितंच आले." तिने आत डोकावून पाहिलं. "मावशी कुटं हाय? पोरगं तिच्या मांडीवर घालायचं व्हतं."

"मावशी नाही आता," डॉक्टर म्हणाले. "आण इकडे."

ते ओसरीवर काढून ठेवलेल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी मूल मांडीवर घेतलं. त्याने लगेच त्यांच्या गळ्यातली तपासायची नळी तोंडात घातली.

हौसा गेल्यावर डॉक्टरांनी पिवळ्या कागदावर 'बरी' लिहिलं आणि तो डब्यात ठेवला. श्रीधर हळूच म्हणाला, "बाबा, खिळा रिकामा झाला. निघायचं?"

"आलोच," म्हणून ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून श्रीधर आणि मी बघायला गेलो. डॉक्टर मोरीत पाठमोरे उभे राहून औषधाच्या बाटल्या विसळत होते. खिळ्यावर नवा कागद होता, शाई अजून ओली.

'हौसाचा मुलगा, वय पाच महिने. तक्रार : काही नाही. दर महिन्याला आणून दाखवणे.'

श्रीधरने तो दोनदा वाचला. मग तो बाहेर गेला आणि हमालांना म्हणाला, "कपाट परत आत घ्या."