आईच्या तोंडात थर्मामीटर

शरीराचं मला कुणी काही सांगू नये! शरीरशास्त्र मी वडिलांच्या मांडीवर बसून शिकले. कॉलेजात ते तोच विषय शिकवायचे. म्हणायचे, ‘‘शरीर म्हणजे कसलेली गृहिणी. पाणी, मीठ, ऊब... काही कमी-जास्त झालं की बोभाटा न करता निस्तरते.’’

ते गेले आणि आईची अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास खाल्ले की हात धुवायला उठायची. एक माणूस गेलं होतं. दुसरं मी जाऊ देणार नव्हते. रजा वाढवली, वडिलांची जाडजूड पुस्तकं काढली आणि आईच्या देहाचा कारभार हाती घेतला!

सकाळी आईने चहाचा कढत घोट घेतला न घेतला, तोच मी तिच्या तोंडात थर्मामीटर खुपसला. मागे कुत्रं लागल्यासारखा पारा पळत सुटला!

‘‘एकशे तीन!’’

‘‘अगं, मी आत्ताच चहा...’’

‘‘बोलू नकोस! ताकद वाचव!’’

मी तिला ओल्या टॉवेलांत गुंडाळलं. पंखा पूर्ण जोरात सोडला. थोड्याच वेळात आई थरथरू लागली, दात कडकड वाजू लागले.

‘‘हुडहुडी! ताप चढतोय!’’

मग टॉवेल काढले. घरातली यच्चयावत पांघरुणं, वडिलांचा कोट, गरम पाण्याच्या पिशव्या, खिडक्या बंद! त्या ढिगातून आईचं फक्त नाक दिसत होतं. तेही लालबुंद झालं आणि त्यावरून घामाच्या धारा लागल्या.

‘‘दरदरून घाम! हृदय!’’ मी ओरडले आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना अनवाणीच ओढून आणलं.

‘‘काकू, काय होतंय?’’

‘‘मला काही होत नाहीये,’’ ढिगातून आवाज आला. ‘‘ही करतेय!’’

सगळी हकिगत ऐकून डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. ‘‘अहो, तुम्ही गार केलंत, त्यांच्या शरीराने थरथरून ऊब आणली. तुम्ही उकडलंत, त्याने घाम काढून गारवा आणला. बिचारं एकटं झुंजत होतं, तुमच्याशी!’’

‘‘मग ती जेवत का नाही?’’ माझा आवाज चिरकला.

उत्तर आईने दिलं. पांघरुणं भिरकावून ती उठली. ‘‘सकाळपासून कुडकुडवलंस, घाम काढलास. सपाटून भूक लागलीये! काही शिजवलंयस?’’

मी गॅससुद्धा पेटवला नव्हता. शेवटी रोग्यानेच स्वयंपाक केला. आई भरलं ताट घेऊन बसली आणि खरोखर जेवू लागली. मला भिंतीकडे बघावं लागलं.

‘‘औषध?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही. पथ्य मात्र कडक,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘आठवडाभर मुलगी वर्ज्य!’’

‘‘आठवडा फार होतो हो,’’ आई घास चावत म्हणाली. ‘‘फक्त जेवताना तिला खाली बसवा. हे गेल्यापासून समोर पुस्तक घेऊन उभी राहते आणि माझे घास बघते. असं कुणाच्या घशाखाली उतरेल?’’

मी निमूटपणे माझं ताट घेतलं आणि बसले.