माधवरावांचा छोटा देश

चिन्मय आणि रेवा, तुमच्या घरावर सोलर बसवताहेत असं तुमच्या बाबाने कळवलं. तेव्हा आमच्या जर्मनीतल्या, डार्मश्टाटच्या शेजाऱ्यांबद्दल, माधवराव बापटांबद्दल, आताच लिहून ठेवते.

माधवराव पाहुण्यांना हवामान बघून बोलावत. "आज ढग आहेत, गुरुवारी या," असं फोनवर शांतपणे सांगत. छपरावर पाणी तापवायचं सोलर बसवल्यापासून त्यांचं घर हा एक छोटा देश झाला होता आणि त्याचं ऊर्जाधोरण ते एकटे ठरवत. जर्मन सरकारनेही तेव्हा ऊन-वाऱ्याच्या ऊर्जेचा ध्यास घेतला होता, पण माधवरावांना ते फार मवाळ वाटे. गॅसचा बॉयलर त्यांनी बंदच करून टाकला होता.

"परक्याच्या गॅसवर अंघोळ करणारा देश स्वतंत्र कसा?" ते विचारत.

"एक दिवस सरकार पडेल हं," शैलाताई, त्यांच्या पत्नी, म्हणत.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण तोवर धोरण हेच."

जर्मनीत हिवाळाभर सूर्य दिसत नाही, ही अडचण ते 'संक्रमणकाळ' म्हणून बाजूला सारत. शैलाताई त्या काळात पातेल्यात पाणी तापवत. तो काळाबाजार आहे, असं माधवराव म्हणत आणि त्याच पाण्याने अंघोळ करत.

त्यांची मुलगी मुग्धा इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. एकदा फेब्रुवारीत ती घरी आली असताना तिने अंघोळीत डोक्याला शाम्पू लावला आणि पाणी गार झालं. तिने आतून हाका मारल्या. माधवरावांनी दाराबाहेरून तिला ढगांची परिस्थिती समजावून सांगितली. ती टॉवेल गुंडाळून आमच्याकडे आली, डोकं धुतलं आणि दुपारच्या गाडीने परत गेली. जाताना म्हणाली, "पपा, तुमच्या देशात मी आता येणार नाही." त्यानंतर ती फक्त आईशी बोलायची.

दिवाळीच्या आधी माधवराव आमच्याकडे आले. "वहिनी, तुमच्या फोनवरून एक फोन करू? घरी विरोधी पक्ष ऐकतो."

तुमचे आजोबा पेपर वाचत राहिले. मीही उठले नाही.

"मुग्धा, मी बोलतोय. आल्झो, म्हणजे असं की, धोरणात बदल झालाय. गरम पाणी आता चोवीस तास मिळेल." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. "हो, बॉयलर सकाळीच चालू केला. नाही, बाहेर उभा राहणार नाही. कितीही वेळ कर." मग आवाज एकदम खाली आला. "तुझी आई दोघांचेच लाडू वळतेय. ये गं."

फोन ठेवून ते आजोबांना म्हणाले, "आयात तात्पुरती आहे."

"असणारच," आजोबा म्हणाले.

नरकचतुर्दशीला दिवसभर पाऊस होता. मुग्धाची अंघोळ संपेपर्यंत माधवराव आमच्याकडे येऊन बसले, आणि चहा गार झाला तरी उठले नाहीत.

आता माधवराव नाहीत. छपरावरचं सोलर गेलं, शैलाताईंनी नवं काही बसवलं नाही. मुग्धा अजून दर दिवाळीला घरी येते.