मंगळवारचे चौदा जण

कुठल्याही नवरा-बायकोचं भांडण मी तीन भेटींत मिटवतो! बारामतीत घराच्या पुढच्या खोलीत समुपदेशन सुरू केल्यापासून हे मी दिसेल त्याला सांगत असे. मग कऱ्हाटीचे सुयोग आणि माधवी आले.

लग्नाला दोन वर्षं, घरात सोळा माणसं. माधवीची तक्रार एकच. नवऱ्याशी चार वाक्यं निवांत बोलता येत नाहीत. “अवो म्हणून हाक मारली की पाच जण वळत्यात,” ती म्हणाली. पुढच्या भेटीत काही ठरलं नाही, तर ती इथूनच माहेरची, बावड्याची एसटी धरणार होती.

मी सांगितलं, येताना घरच्यांना आणा. पुस्तकात घरचे म्हणजे आई-वडील. कऱ्हाटीत एकाला बोलावून दुसऱ्याला वगळलं, तर नवीन भांडण! मंगळवारी अकराला टेम्पोतून चौदा जण उतरले. मागून मोटारसायकलवर ते दोघं, माधवीच्या मांडीवर भरलेली बॅग.

दहा बाय बाराच्या खोलीत माणसं कणसातल्या दाण्यांसारखी बसली. मी नियम घातला: एकेकानं बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. आजवर त्यांचं इतकं कुणी ऐकून घेतलं नसावं. मानानुसार थोरल्यापासून सुरुवात झाली. आजेसासरे आबाजी बहात्तरच्या दुष्काळापासून निघाले आणि दीड तासानं स्वतःच्या लग्नापर्यंत पोचले. आतून बायकोनं चहाचा दुसरा टोप पाठवला. मग चुलते, मग चुलत्या.

तीन वाजता धाकट्यांची पाळी आली, तेव्हा कळलं की सुयोग आणि माधवी खोलीत नाहीत. बॅगही नाही!

सासू रंगूबाईंनी डोळ्याला पदर लावला. “गेली माझी सून बावड्याला.” सुयोगचा फोन बंद. माझा तीन भेटींचा डंका दुसऱ्याच भेटीत फुटला होता. शेवटी आबाजींनी गावातल्या शेजाऱ्याला, गेणूला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“हितंच हायती की दोघं,” गेणू म्हणाला. “ओसरीवर शेंगा खात बसल्यात. दुपारपासनं नुसती हसत्यात. समदं घर मोकळं दिसतंय, तुमी हाय कुठं?”

आबाजींनी बराच वेळ टोपी हातात फिरवली आणि मला विचारलं, “म्होरल्या मंगळवारी कितीला यायचं?”

आता चार मंगळवार झाले. चौदाही जण वेळेवर येतात. ज्यांचं भांडण होतं ते दोघं येत नाहीत, त्यांना गरजच उरलेली नाही. तीन भेटींचा विषय मी हल्ली काढत नाही. फक्त परवा चहाचा टोप घासता घासता बायकोनं विचारलं, इंदापुरात आपल्या दोघांसाठी कुणी चांगला समुपदेशक आहे का.